माशाचे पोट का फुगले?

मंडळी, पुष्कळ गावांच्या शाळांत आज एखादी काचेची बरणी किंवा पेटी असते आणि तिच्यात गप्पी मासे सोडलेले असतात. हिवतापाच्या कामावरचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे टाक्यांत सोडतात. त्यांतलेच चार-दोन शाळेत येतात. मग एके दिवशी एखादी पोरगी बरणीला नाक लावून विचारते, "गुरुजी, ह्या माशाचं पोट का हो फुगलंय?"

प्रश्न एवढासा. गुरुजी म्हणतात, "अगं, पिल्लं होणार असतील." बहुतेक वेळा ते खरेच ठरते. पण दर वेळी ठरत नाही. कधी पोट फुगलेला तो मासा नरच असतो. कधी चार दिवसांनी तो पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो. मग गुरुजींना वाटते, आपण उत्तर देण्याची घाई केली.

आज मी ह्याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. बोटाएवढ्या माशाच्या फुगलेल्या पोटात काय आहे, हे नीट कळायला माणसाला पावणेदोनशे-दोनशे वर्षे लागली. आणि ते कळता कळता आपल्या खेड्यापाड्यांतील माणसांना पिडणाऱ्या एका जुन्या दुखण्याचेही मूळ सापडले. ते कसे, ते क्रमाने पाहू.

आपल्याला आधी उत्तर युरोपात जावे लागेल. तिकडच्या ओढ्यानाल्यांत आणि किनाऱ्याच्या मचूळ पाण्यात स्टिकलबॅक नावाचा एक मासा असतो. लांबी दोन इंच, पाठीवर तीन काटे. आपल्याकडची पोरे ओढ्यात पंचा धरून मासोळ्या पकडतात ना, तशी तिकडची पोरे हा मासा पकडून बरणीत ठेवतात. ह्या माशाचा नर पाणवनस्पतींचे घरटे बांधतो आणि अंड्यांची राखण करतो, म्हणून तो पाळणाऱ्यांचा मोठा लाडका. पण काही तळ्यांत ह्या माशांची पोटे विलक्षण फुगलेली आढळत. माद्यांची तशी नरांचीही. पोट चिरले की आत पांढऱ्या, चपट्या, फितीसारख्या अळ्या निघत. कधी एक, कधी पाच-दहा. कित्येकदा ह्या जंतांचे वजन जवळजवळ माशाच्या स्वतःच्या वजनाइतके भरते! दोन शेर वजनाच्या कोंबडीच्या पोटात दोन शेराचे जंत असावेत, तसा हा प्रकार.

१७३४ साली बर्लिनच्या योहान लेओनहार्ड फ्रिश ह्या गृहस्थाने ह्या काटेरी माशातील जंतांवर एक टिपण छापले. आमच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ऐकून बरे वाटेल, की फ्रिश हा पेशाने शाळामास्तर होता, बर्लिनमधल्या एका नावाजलेल्या शाळेचा मुख्याध्यापक. पक्षी, किडे, शब्दकोश असे त्याला नाना छंद. त्याने जंत पाहिला आणि लिहून ठेवला. पण हा जंत माशाच्या पोटात शिरला कुठून, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या काळी ह्याची दोन उत्तरे होती. एक असे, की जंत बाहेरून येतच नाहीत. शरीरातल्या बिघडलेल्या रसांतून ते आपोआप तयार होतात किंवा जन्मापासूनच आत असतात. दुसरे असे, की पाण्यात मोकळे किडे असतात, तेच तोंडावाटे पोटात जाऊन वाढतात. वनस्पतींना आणि प्राण्यांना दुहेरी नावे देणारा थोर स्वीडिश पंडित लिनियस दुसऱ्या बाजूकडे झुकलेला होता.

वाद इतका वाढला, की कोपनहेगनच्या राजमान्य विद्वत्सभेने त्यावर निबंधस्पर्धाच लावली. पोटातल्या जंतांचे बी आतले की बाहेरचे, असा तो विषय. बक्षीस मिळाले बर्लिनच्या डॉक्टर मार्कुस एलिझर ब्लॉख ह्यांना. त्यांचा निबंध १७८२ साली छापला गेला. ब्लॉख म्हणजे माशांच्या विद्येतला त्या काळचा पहिल्या प्रतीचा माणूस. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथल्या एका मिशनऱ्याकडून आपल्या देशातले मासेही ब्लॉखकडे जात आणि त्यांतल्या कित्येकांना त्यांनी शास्त्रीय नावे दिली. एवढा जाणता माणूस. पण जंतांच्या बाबतीत त्यांचे मत पडले ते असे, की जंत उपजतच असतात. आणि बक्षीस त्यांनाच मिळाले. बक्षीस मिळाले म्हणजे उत्तर बरोबर, असे नाही, एवढे मुलांना सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

त्याच कोपनहेगन शहरात पेटर क्रिस्तियन आबिलगोर नावाचा माणूस राहत होता. जन्म १७४० चा. औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्या सुमारास युरोपात गुरांवर बुळकांडीसारखी भयंकर साथ आली होती. शेतकरी नागवले गेले. तेव्हा डेन्मार्कच्या सरकारने काही तरुणांना फ्रान्समधल्या लिऑं गावी पाठवले. जगातली पहिली पशुवैद्यक शाळा तिथे निघाली होती. आबिलगोर त्यांतलाच एक. परत येऊन त्याने १७७३ साली कोपनहेगनला पशुवैद्यक शाळा काढली. म्हणजे हाही शिक्षकच.

आबिलगोरच्या ध्यानात एक गोष्ट आली. काटेरी माशाच्या पोटातले जंत आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या आतड्यांतले जंत एकमेकांसारखे दिसतात. फरक एवढाच, की माशातल्या जंतात अंडी नसतात. पक्ष्यातला जंत मात्र अंड्यांनी भरलेला असतो. मग त्याला वाटले, हे दोन निराळे जंत नसून एकच असेल तर? माशात त्याचे बाळपण आणि पक्ष्यात त्याचा संसार, असे असेल तर?

दुसरा एखादा असता तर ह्यावर त्यानेही एक निबंध लिहिला असता. आबिलगोरने बदके आणली. त्यांना जंत असलेले मासे खाऊ घातले. काही दिवसांनी बदके कापून पाहिली, तर त्यांच्या आतड्यांत तेच जंत निघाले. १७९० साली त्याने हे प्रसिद्ध केले. एक जंत दोन निरनिराळ्या प्राण्यांच्या पोटांत आपले आयुष्य वाटून घेतो, हे प्रयोग करून दाखवण्याचा हा अगदी पहिल्या काळातला यत्न होय.

प्रयोगात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. त्या बदकांच्या पोटात आधीपासूनच जंत नव्हते कशावरून? आज आपण असा प्रयोग केला, तर काही बदकांना मासे देऊ, काहींना देणार नाही आणि मग दोन्ही पाहू. शेतातल्या एका वाफ्याला खत घालायचे आणि शेजारचा वाफा तसाच ठेवायचा, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. तीच ही.

पुढे काय झाले? काहीच नाही. आबिलगोर १८०१ साली वारला. जंतांच्या शास्त्राचा जनक म्हणून ज्याला मान मिळाला, तो रुडोल्फी जंत आपोआप उपजतात असेच मानत राहिला आणि त्याच्या शब्दाला वजन असल्यामुळे जवळजवळ अर्धे शतक तेच मत चालले. बदकांचा प्रयोग कागदात पडून राहिला.

मग १८५१ साली झिट्टाऊ गावच्या क्युखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टराने सशातल्या जंतांच्या पिशव्या कुत्र्यांना खाऊ घालून पट्टकृमी तयार होताना दाखवले. १८५५ साली तर त्याने फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या अन्नात डुकराच्या मांसातले जंताचे फोड मिसळले आणि नंतर त्याच्या आतड्यांत लहान पट्टकृमी सापडले. हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही. त्या काळीही त्यावर टीका झाली. पण आपोआप जंत उपजतात ही समजूत तेव्हापासून ढासळली.

तरी आपल्या माशाचे कोडे अर्धेच सुटले होते. माशातून जंत पक्ष्यात जातो, हे समजले. पण माशात तो कुठून येतो? पक्ष्याच्या विष्ठेतून जंताची अंडी पाण्यात पडतात, हे उघड होते. ती अंडी माशाला खाऊ घातली, की माशात जंत व्हायला हवेत. पण तसे काही केल्या होईना. मध्ये कुठेतरी साखळीची एक कडी गळलेली होती.

ती कडी होती सायक्लॉप्स. विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा. कधीकधी त्यात पांढरे ठिपके झटके देत हलताना दिसतात. मोठ्यात मोठा ठिपका बाजरीच्या दाण्याहून लहान. हा झिंग्याच्या कुळातला अगदी चिमुकला जीव. डोक्यावर एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला दिले आहे.

१९१७ साली स्वित्झर्लंडमध्ये यानित्स्की आणि रोझेन ह्या दोघांनी माणसाला माशातून होणाऱ्या पट्टकृमीचा पहिला मुक्काम अशाच पाणजीवात आहे, हे दाखवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, स्वीडनच्या नीबेलिन ह्यांनी काटेरी माशाच्या जंताची तीच वाट शोधून काढली. अंड्यातून केसाळ अळी बाहेर पडते. तिला सायक्लॉप्सच्या जातीचा जीव गिळतो. त्याला मासा गिळतो. माशाला पक्षी गिळतो. फ्रिशमास्तरांच्या टिपणापासून मोजले, तर ह्या एका वाक्यापर्यंत पोहोचायला १८५ वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट पुढे उलगडली. माशात महिनोन् महिने काढलेला हा जंत पक्ष्यात शिरताच दोन-तीन दिवसांत अंडी घालू लागतो. का बरं? १९४६ साली स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने माशातले जंत काढून पोषक द्रवात ठेवले आणि तो द्रव पक्ष्याच्या अंगाइतका, म्हणजे सुमारे ४० अंशांपर्यंत, ऊबदार केला. जंत काचेच्या नळीतच अंडी घालू लागले. गार रक्ताच्या माशात तो वाट पाहत बसतो आणि ऊब लागली की जागा होतो. आणि जंताने भरलेला मासाही निराळा वागतो. त्याला भूक जास्त लागते, हवा कमी पडते, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात येतो आणि पक्ष्याची सावली पडली तरी चटकन पळत नाही. म्हणजे जंताला जिथे जायचे आहे, तिथे मासाच त्याला नेऊन पोचवतो.

आता तुम्ही म्हणाल, "हे झालं तिकडच्या माशांचं. आमचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, नारू म्हणजे काय. पायाला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकवायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे ओढून काढायचा. किड्याची लांबी दोन-तीन फूट. मध्येच तुटला, तर पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस असा पडला, की त्या वर्षाची शेती बुडाली. कोणी म्हणे देवाचा कोप, कोणी म्हणे वाईट रक्त. बिघडलेल्या रसांतून जंत उपजतात, ह्या बर्लिनच्या समजुतीहून ही समजूत काही निराळी नव्हती.

नारूचे मूळ सापडले ते माशामुळेच. जर्मन प्राध्यापक लॉइकार्ट ह्यांनी गोड्या पाण्यातल्या पर्च नावाच्या माशाच्या आतड्यातला एक किडा अभ्यासला आणि त्याची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढतात, असे त्यांना दिसले. नारूची पिल्ले ह्या किड्याच्या पिल्लांसारखीच दिसत. लॉइकार्टच्या सूचनेवरून अलेक्सी फेदचेंको ह्या रशियन तरुणाने मध्य आशियात तुर्कस्तानात नारूची पिल्ले सायक्लॉप्सजवळ सोडली आणि १८७० साली ती सायक्लॉप्सच्या अंगात शिरलेली पाहिली. फेदचेंको तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तीनच वर्षांनी आल्प्स पर्वतात तो मरण पावला. पण त्याने वाट दाखवून ठेवली. पुढे मुंबईलाही परळच्या जीवाणुशास्त्र प्रयोगशाळेत, जिचे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाले, नारूवर काम झाले.

वाट अशी होती. नारू झालेला माणूस पाणी भरायला बारवेच्या पायऱ्या उतरतो. आग होणारा पाय पाण्यात बुडवला, की बरे वाटते. त्याच क्षणी किडा हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. ती सायक्लॉप्स खातो. ते पाणी दुसरा माणूस पितो. वर्षभराने त्याच्या पायाला फोड येतो.

एकदा ही साखळी कळल्यावर ती तोडणे सोपे होते. मात्र गावोगाव जाऊन तोडावी लागणार होती. नारूवर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. उपाय एवढेच: पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या, बारवेच्या पायऱ्या बंद करून रहाटाने किंवा हातपंपाने पाणी घ्या, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाका, आणि नारू झालेल्याने पाण्यात पाय घालू नये. १९८३-८४ साली देशभर ह्याची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. आजच्या मुलांना नारू हा शब्दच ठाऊक नाही. बायाबापड्यांनी हंड्यावर धरलेल्या फडक्याने हे घडवले.

आता शेवटी पुन्हा आपल्या बरणीकडे येऊ. कारण फुगलेल्या पोटात दर वेळी जंतच असतो, असेही नाही. ह्या बाबतीतही शास्त्रज्ञांची एकदा चांगलीच फसगत झाली.

युरोपातले शेतकरी तळ्यांत कार्प मासे पाळतात. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातलाच हा मासा. वसंत ऋतूत ह्या माशांची पोटे पाण्याने फुगून तळीच्या तळी मरत. ह्याला ते जलोदर म्हणत. म्युनिकच्या ब्रुनो होफर ह्यांनी १९०४ साली माशांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ह्या विद्येचा पाया घातला. १९३० साली शेपरक्लाउस ह्या जर्मन तज्ज्ञाने जलोदराला एक जिवाणू कारण असल्याचे सांगितले. चाळीस वर्षे सगळे तसेच मानून चालले. मग १९७१ साली युगोस्लाव्हियात फियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रोगाच्या माशांतून एक विषाणू वेगळा काढला. तेव्हा कळले, की ज्याला सगळे एक रोग समजत होते, ते निदान दोन निरनिराळे रोग होते. दिसायला पोट सारखेच फुगलेले, कारण निराळे.

म्हणजे जलोदर हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव आहे. ताप आला म्हणजे हिवतापच, असे आपण म्हणत नाही, तसेच हे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून सारखे पाणी झिरपत असते आणि त्याची मूत्रपिंडे ते सारखे बाहेर टाकत असतात. जंतूंमुळे असो, घाण पाण्यामुळे असो, मूत्रपिंडे थकली की पाणी आतच साठते. पोट फुगते आणि खवले उभे राहतात.

तेव्हा शिक्षकांनो, बरणीतल्या माशाचे पोट फुगले तर मुलांना लगेच उत्तर सांगू नका. त्यांना पाहायला लावा. मासा मादी आहे का? गप्पीची मादी मोठी आणि फिकी, नर लहान आणि रंगीत. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूस काळसर डाग मोठा होत चालला असेल आणि ती नीट खात-पोहत असेल, तर महिन्याभरात पिल्ले दिसतील. खाणे जास्त घातले होते का? एक-दोन दिवस उपाशी ठेवा. पोट उतरले तर उत्तर मिळाले. वरून पाहिल्यावर खवले देवदाराच्या फळासारखे उभे दिसतात का? तर मासा आजारी आहे. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवा, बरणीतले थोडे थोडे पाणी बदला, हात धुवा आणि तो मासा किंवा ते पाणी विहिरीत, ओढ्यात टाकू नका. माणसांची औषधे पाण्यात ओतू नका. कारण कळल्याशिवाय औषध कसले?

आणि मुलांना ते रोज वहीत लिहायला सांगा. तारीख, पोट कसे होते, काय खाल्ले, काय झाले. बर्लिनच्या मास्तरांनी एवढेच केले होते. गप्पी माशाला ज्यांच्यावरून नाव मिळाले, ते त्रिनिदादचे रॉबर्ट गप्पी, त्यांनीही आपल्या बेटावरचा मासा १८६६ च्या सुमारास लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवला, एवढेच केले होते. पुढे तेही त्या बेटावर शाळांचे मुख्य तपासनीस झाले.

पुढच्या वेळी ती पोरगी विचारील, "गुरुजी, पोट का फुगलं?" तर तिला म्हणा, "ये, आपण दोघं मिळून पाहू."